विश्लेषण : दरडोई १८ हजारांची क्रूझ कुटुंबाला ९० हजारांना का पडते?

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की मोबाईलवर क्रूझच्या जाहिराती सुरू होतात. निळे पाणी, पांढरे जहाज आणि त्याखाली ठळक आकडा : ‘दरडोई अमुक हजारांपासून’. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे निम्न तेरणा धरणाचे गाव. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरहून दूर आहे. पण जाहिरात माकणीतही मुंबईइतक्याच वेगाने पोहोचते. पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेली मुले गावाकडच्या आई-वडिलांसाठी असे तिकीट काढण्याचा विचार करतात. शिक्षक, बँक कर्मचारी आणि निवृत्त मंडळींचे गटही दरांची चौकशी करतात.

अडचण अशी की, क्रूझची तुलना बहुतेक वेळा त्या ठळक आकड्यावरच होते, आणि तुलनेसाठी तोच आकडा सर्वांत कमी उपयोगाचा आहे. खरी तुलना दोन प्रश्नांवर व्हायला हवी. घराच्या दारातून निघून परत दारात येईपर्यंत एकूण किती पैसे लागतील? आणि ऐन वेळी जाता आले नाही, तर त्यातले किती परत मिळतील?

तुलना करायला जहाजे आहेत तरी किती?

मुंबईहून नियमित फिरणाऱ्या भारतीय क्रूझचा इतिहास छोटा आणि खंडित आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. एप्रिल २०१९ मध्ये ‘जलेश क्रूझेस’चे ‘कर्णिका’ हे मोठे जहाज मुंबईत आले. करोनाकाळात दोन्ही सेवा थांबल्या. जलेश २०२० मध्ये बंद पडली आणि कर्णिका भंगारात निघाली. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया क्रूझेस’ने ‘एम्प्रेस’ हे जहाज आणले. इटलीच्या ‘कोस्टा’ कंपनीचे ‘कोस्टा सेरेना’ नोव्हेंबर २०२३ पासून काही आठवडे मुंबई, गोवा, कोची, लक्षद्वीप असे फिरून गेले.

म्हणजे गेल्या काही वर्षांत देशातल्या देशात नियमित क्रूझ करायची तर पर्याय मुख्यतः एकच राहिला. कॉर्डेलियाने ‘नॉर्वेजियन क्रूझ लाईन’ची दोन जहाजे भाडेकरारावर घेऊन ‘कॉर्डेलिया स्काय’ आणि ‘कॉर्डेलिया सन’ या नावांनी आणण्याची घोषणा केली आहे. पण ती जहाजेही त्याच कंपनीची असतील. त्यामुळे भारतात तुलना कंपन्यांची होण्याऐवजी तारखांची आणि केबिनची होते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्या काळात हे जहाज चेन्नईकडे हलवले जाते. मुंबईचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. त्यातही दिवाळी, नाताळ आणि उन्हाळी सुट्टीचे दर वेगळे असतात.

कंपन्यांची खरी स्पर्धा पाहायची तर सिंगापूरला जावे लागते. तिथून ‘रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस’चे ‘गेंटिंग ड्रीम’ निघते आणि ‘रॉयल कॅरिबियन’ आपली मोठी जहाजे हंगामानुसार तिथे ठेवते. या सफरींच्या जाहिराती मराठी मोबाईलवर कॉर्डेलियाच्या शेजारीच दिसतात. घोळ तिथून सुरू होतो.

जाहिरातीतला आकडा नेमका कशाचा?

‘दरडोई’ या शब्दामागे एक अट असते. केबिनमध्ये दोन प्रौढ आहेत, असे धरून हा दर काढलेला असतो. एकट्याने जायचे तर अनेक कंपन्या त्याच केबिनसाठी जवळपास दोघांचे भाडे घेतात. तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाला सवलत असते, पण ती त्याच केबिनमध्ये वरच्या बर्थवर झोपण्याच्या बोलीवर.

‘पासून’ या शब्दामागे दुसरी अट असते. हा दर सर्वांत स्वस्त केबिनचा, म्हणजे आतल्या बाजूच्या, खिडकी नसलेल्या खोलीचा. जाहिरातीत दिसणारी समुद्राकडची बाल्कनी या दरात नसते. मधल्या दरात खिडकीची खोली मिळते, पण काही खोल्यांच्या खिडकीसमोर जीवरक्षक नौका टांगलेली असते. डेकच्या नकाशावर खोलीचा क्रमांक पाहिल्याशिवाय हे कळत नाही. ‘गॅरंटी केबिन’ स्वस्त पडते, पण त्यात खोली कुठली हे कंपनी ठरवते. समुद्र लागण्याची भीती असलेल्या ज्येष्ठांसाठी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली खोली बरी. तिथे डोलणे कमी जाणवते.

यानंतर मूळ भाड्यावर कर, बंदर शुल्क आणि ग्रॅच्युइटी येते. नोकरदार वाचकांना ग्रॅच्युइटी म्हटले की निवृत्तीनंतरची रक्कम आठवते. क्रूझवर तिचा अर्थ कर्मचाऱ्यांना द्यायची रोजची बक्षिशी. रॉयल कॅरिबियनसारख्या अमेरिकी कंपन्यांत ती माणशी रोज साधारण १८ ते २१ डॉलर आहे आणि लहान मुलांनाही लागते. चौघांच्या कुटुंबाला तीन रात्रींसाठी हीच रक्कम दोनशे डॉलरच्या पुढे जाते. ती आधी भरली नाही तर शेवटच्या दिवशी बिलात दिसते.

माकणीहून हिशेब कसा पडतो?

पुढचे आकडे कोणत्याही कंपनीचे दरपत्रक नाहीत. हिशेबाची रीत कळावी म्हणून ते गृहीत धरले आहेत. आई-वडील, दोन मुले आणि तीन रात्री, असे कुटुंब धरू.

मुंबईची क्रूझ :
• भाडे : मोठ्यांचे दरडोई १८ हजार, मुलांचे निम्मे. चौघांचे ५४ हजार.
• कर, बंदर शुल्क, सेवाशुल्क : माणशी ४ हजार. एकूण १६ हजार.
• माकणी ते मुंबई जाणे-येणे, वाटेतले जेवण : १० हजार.
• जहाजावरचा वरखर्च : १० हजार.
• एकूण : ९० हजार. माणशी एका रात्रीचे ७ हजार ५००.

सिंगापूरची क्रूझ :
• भाडे : मोठ्यांचे दरडोई २२ हजार, मुलांचे निम्मे. चौघांचे ६६ हजार.
• कर, शुल्क, बक्षिशी : माणशी ८ हजार. एकूण ३२ हजार.
• विमान : माणशी ३० हजार. एकूण १ लाख २० हजार.
• व्हिसा : १४ हजार.
• सिंगापूरमधील एका रात्रीचे हॉटेल आणि जेवण : १८ हजार.
• माकणी ते विमानतळ जाणे-येणे : १० हजार.
• जहाजावरचा वरखर्च : १० हजार.
• एकूण : २ लाख ७० हजार. माणशी एका रात्रीचे २२ हजार ५००.

जाहिरातीत दोन्ही सफरींमधला फरक चौघांमिळून १२ हजारांचा दिसतो. दारापासून दारापर्यंत मोजला तर तो १ लाख ८० हजारांचा होतो. सिंगापूरची क्रूझ घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. त्या पैशांत सिंगापूरही पाहून होते. पण ‘चार हजार जास्त दिले की परदेश’ हा समज खोटा आहे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट टीसीएसही घेतो. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना ही रक्कम वळती करून घेता येते, पण विवरणपत्रच न भरणाऱ्याचे पैसे अडकून पडतात.

प्रवासाचे गणितही बाहेरगावच्या माणसाने वेगळे मांडायला हवे. लातूर, धाराशिव किंवा सोलापूरहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी मुंबईच्या सीएसएमटी स्थानकात उतरता येते. क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीने जवळच आहे. हे सोयीचे वाटते, पण गाडी काही तास रखडली तर जहाज थांबत नाही. ठरलेल्या वेळेनंतर प्रवेश बंद होतो आणि भाडे सहसा परत मिळत नाही. एक दिवस आधी मुंबईत पोहोचणे हा चैनीचा खर्च नाही, तो हिशेबात धरावाच. सिंगापूरला जाणाऱ्यांना उमरग्याहून सोलापूर-हैदराबाद महामार्गाने हैदराबादचे विमानतळ गाठणे मुंबईपेक्षा जवळ पडू शकते. तेव्हा दोन्ही शहरांतून विमानाचे दर पाहावेत.

मोठे जहाज म्हणजे चांगले जहाज?

जाहिरातीत जहाजाचा आकार ‘टन’मध्ये दिलेला असतो. हा ग्रॉस टनेजचा आकडा जहाजाचे वजन सांगत नाही. जहाजातल्या बंदिस्त जागेचे ते मोजमाप आहे. त्याला दर केबिनमध्ये दोघे धरून येणाऱ्या प्रवासीसंख्येने भागले की माणशी किती जागा वाट्याला येते, याचा अंदाज मिळतो.

एम्प्रेसचे टनेज सुमारे ४८,५०० आणि केबिन सुमारे ८००. म्हणजे माणशी ३०. गेंटिंग ड्रीमचे टनेज सुमारे १,५०,७०० आणि प्रवासी सुमारे ३,३५०. म्हणजे माणशी ४५. रॉयल कॅरिबियनचे २०२४ मध्ये सुरू झालेले अवाढव्य ‘आयकॉन ऑफ द सीज’ या हिशेबाने ४४ च्या आसपास येते. ते गेंटिंग ड्रीमपेक्षा कितीतरी मोठे आहे, पण माणशी जागा जवळपास तेवढीच. सुट्टीत एका केबिनमध्ये तिघे-चौघे असले की हा आकडा सगळीकडेच खाली येतो. स्विमिंग पूल आणि जेवणाच्या रांगेतली गर्दी त्यावरून ओळखावी.

वयाचा मुद्दाही समजून घ्यायला हवा. एम्प्रेस १९९० मध्ये फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने रॉयल कॅरिबियनसाठी बांधले गेले. गेंटिंग ड्रीम २०१६ चे आहे. जुने जहाज म्हणजे धोकादायक जहाज, असे नाही. प्रवासी जहाजांना आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांनुसार ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी लागते. वयाचा फरक पडतो तो सोयींत : खोल्या आणि न्हाणीघरे लहान, बाल्कनीच्या केबिन कमी, लिफ्टची संख्या मर्यादित. दोन-तीन रात्रींसाठी हे चालून जाते, पण नव्या जहाजाची छायाचित्रे डोक्यात ठेवून गेलेल्याची निराशा होते.

सुरक्षेबाबत प्रवाशाच्या हातात एक गोष्ट नक्की असते. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून ३२ जणांचा जीव गेला. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच प्रवाशांना आपत्कालीन सूचना देणे बंधनकारक झाले. ही कवायत टाळून बुफेकडे धावू नये.

जेवणाचे काय?

‘सर्व जेवण समाविष्ट’ हे खरे असते, पण ते ठरावीक उपाहारगृहांपुरते. मुख्य भोजनगृह आणि बुफे भाड्यात येतात. खास उपाहारगृहे, शीतपेये, मद्य आणि बऱ्याचदा चांगली कॉफी यांचे पैसे वेगळे पडतात.

मराठवाड्यातल्या कुटुंबासाठी इथे कॉर्डेलियाची बाजू वरचढ आहे. जहाज भारतीय ग्राहकांसाठीच चालवलेले असल्याने शाकाहारी आणि जैन जेवण तिथे मागून घ्यावे लागत नाही. गेंटिंग ड्रीमवर भारतीय प्रवासी मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे तिथेही शाकाहारी पर्याय मिळतात. रॉयल कॅरिबियनवर भारतीय पदार्थ असतात, पण विविधता त्या सफरीत भारतीय किती आहेत यावर ठरते. माळकरी, उपवास करणारे किंवा मधुमेही सोबत असतील तर बुकिंग करतानाच लेखी कळवावे. बाजरीची भाकरी कुठेच मिळणार नाही, आणि बाहेरचे शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. औषधे आणि त्यांची चिठ्ठी मात्र हातातल्या पिशवीतच ठेवावी.

आणखी एक खर्च जेवणाच्या टेबलावरच वाढतो, तो मोबाईलचा. किनारा सुटला की फोन जहाजाचे उपग्रहाधारित नेटवर्क पकडतो आणि आंतरराष्ट्रीय रोमिंगचे दर लागू होऊ शकतात. जहाजावर पाऊल ठेवताच एअरप्लेन मोड सुरू करावा. वायफाय हवे असेल तर ते आधी विकत घेतलेले स्वस्त पडते.

बुकिंगच्या सवलती किती खऱ्या?

‘मुले मोफत’ या सवलतीत मुलांचे भाडे माफ होते, कर आणि शुल्क माफ होत नाहीत. ‘एकावर एक मोफत’ या सवलतीत पहिल्याचे भाडे आधीच किती वाढवले आहे, ते पाहावे. ‘ऑनबोर्ड क्रेडिट’ म्हणजे जहाजावरच खर्च करायचे पैसे. ते रोख मिळत नाहीत आणि न वापरल्यास बुडतात. ज्याला मद्य, स्पा किंवा खरेदी नको, त्याला या क्रेडिटपेक्षा भाड्यातली छोटी सूट जास्त फायद्याची. ‘नो-कॉस्ट ईएमआय’मध्ये प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी लागू शकतो, शिवाय रोखीने मिळणारी सूट हातची जाते.

‘शेवटच्या २ केबिन शिल्लक’ अशी घाई लावणे, पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर नवे शुल्क दाखवणे, न मागता विमा जोडणे, हे प्रकार कायद्याला मान्य नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या ‘डार्क पॅटर्न’विषयीच्या मार्गदर्शक सूचनांत असे १३ प्रकार दिले आहेत. त्यात खोटी निकड, पायरीपायरीने किंमत वाढवणे आणि न विचारता खरेदीत वस्तू घालणे यांचा समावेश आहे. पैसे भरण्याआधी प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. एजंटमार्फत तिकीट काढले तर कंपनीचा बुकिंग क्रमांक मागावा आणि तो कंपनीकडे स्वतः पडताळावा. तिकिटावरचे नाव आणि आधार किंवा पासपोर्टवरचे नाव अक्षरशः एक असावे. वडिलांचे नाव कधी लावलेले, कधी गाळलेले, असा गोंधळ गावाकडच्या कागदपत्रांत नेहमीचा आहे आणि तो बंदरावर नडतो.

जाता आले नाही तर?

शहरातल्या पगारदाराची सुट्टी मंजूर झाली की त्याचे नियोजन पक्के होते. माकणीसारख्या गावात पैशांचे वेळापत्रक पिकाच्या हाती असते. सोयाबीन सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणीला येते आणि दिवाळीच्या क्रूझचे स्वस्त दर त्याआधी काही महिने खुले असतात. म्हणजे हातात पीक येण्याआधी पैसे भरायचे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यातील पिकांची झालेली हानी ताजी आहे. अशा वर्षी सहलीचा बेत सर्वांत आधी रद्द होतो.

रद्द करण्याचे नियम कंपनीगणिक बदलतात, पण सूत्र एकच. प्रस्थानाची तारीख जवळ येईल तशी कपात वाढते आणि अखेरच्या काळात बहुधा काहीच परत मिळत नाही. सर्वांत स्वस्त दर तर अनेकदा ‘परतावा नाही’ या अटीवरच असतो. त्यामुळे ज्याचे उत्पन्न अनिश्चित आहे, त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त तिकीट हेच सर्वांत महाग ठरू शकते. थोडे जास्त देऊन तारीख बदलता येणारे तिकीट घेणे त्याला परवडते. प्रवास विमा काढताना ‘प्रवास रद्द झाल्यास’ हे कलम वाचावे. आजारपण त्यात बहुधा असते, पीक बुडणे नसते.

कंपनीच बंद पडली तर काय, हाही प्रश्न कल्पनेतला नाही. जलेशचे उदाहरण घरचे आहे. गेंटिंग ड्रीम पूर्वी चालवणारा ‘गेंटिंग हाँगकाँग’ समूह जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेला. हे जहाज त्याच वर्षी जूनमध्ये नव्या कंपनीच्या नावाने पुन्हा सुरू झाले. अशा वेळी आगाऊ पैसे भरलेला प्रवासी पैसे येणे असलेल्यांच्या लांब रांगेत शेवटी उभा राहतो. वर्षभर आधी सगळी रक्कम भरण्यापेक्षा कमी अनामत ठेवून उरलेली रक्कम मुदतीच्या आत भरणे, आणि शक्यतो क्रेडिट कार्ड वापरणे, म्हणूनच शहाणपणाचे.

दाद कुठे मागायची?

यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. माकणीच्या प्रवाशासाठी तो धाराशिवचा जिल्हा ग्राहक आयोग. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून ती ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून पाहावा.

मग निवडायचे काय?

पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या कुटुंबाला, ज्येष्ठ सोबत असतील तर, मुंबईहून दोन-तीन रात्रींची सफर पुरेशी आहे. पासपोर्टची कटकट नाही, जेवण ओळखीचे, खर्च आवाक्यातला. पण सफर श्रीलंकेसारख्या परदेशी बंदराला लागणार असेल तर पासपोर्ट लागतोच. नवे, मोठे जहाज हीच हौस असेल आणि दोन-अडीच लाखांची तयारी असेल, तर सिंगापूर. मधला स्वस्त परदेशी पर्याय जाहिरातीत दिसतो, हिशेबात सापडत नाही.

सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले. समुद्री क्रूझचे प्रवासी १० लाखांपर्यंत नेण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. हे १० लाख प्रवासी फक्त मुंबई-पुण्याचे असणार नाहीत, त्यात लोहारा-उमरग्याचेही असतील. धक्के बांधताना सरकारने एक स्वस्त सुधारणाही करावी : प्रत्येक जाहिरातीत मूळ भाड्याऐवजी कर, शुल्क आणि बक्षिशी धरून चौघांच्या कुटुंबाचा पूर्ण दर, आणि त्याखाली तितक्याच मोठ्या अक्षरात परताव्याची अट छापणे बंधनकारक करावे. एकच कंपनी असलेल्या बाजारात ग्राहकाला स्पर्धेचे संरक्षण मिळत नाही. निदान खरा आकडा तरी मिळायला हवा.